९८ व्या मिनिटातली बचावपटू

१२ ऑक्टोबर २००३. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामधलं कार्सन शहर. महिला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, जर्मनी विरुद्ध स्वीडन. नव्वद मिनिटं संपली तेव्हा गुणफलकावर १-१ अशी बरोबरी होती. ८८ व्या मिनिटाला जर्मनीच्या प्रशिक्षक टिना थ्यून-मायर यांनी एक बदली खेळाडू मैदानात पाठवली. २३ वर्षांची, शांत चेहऱ्याची. काम बचावाचं. नाव निया क्युन्त्सर.

सामना अतिरिक्त वेळेत गेला. त्या काळी ‘गोल्डन गोल’चा नियम होता. अतिरिक्त वेळेत जो संघ पहिला गोल करेल तो तिथल्या तिथे जिंकला, खेळ खल्लास. उरलेल्या मिनिटांचा प्रश्नच नाही. अशा वेळी दोन्ही संघ जपून खेळतात, कारण एक चूक म्हणजे थेट घरचा रस्ता.

९८ व्या मिनिटाला जर्मनीला फ्री किक मिळाली. रेनाटे लिंगोरने चेंडू उंच उचलून स्वीडनच्या गोलसमोर टाकला. गर्दीतून निया सगळ्यांच्या वर उसळली आणि तिने डोक्याने चेंडू गोलरक्षक कॅरोलिन यॉन्सनच्या आवाक्याबाहेरून जाळ्यात घातला. सामना संपला. जर्मनीच्या महिला पहिल्यांदाच विश्वविजेत्या झाल्या. मैदानात उतरून तिला जेमतेम दहा मिनिटं झाली होती.

जर्मनीत तेव्हा रविवारची संध्याकाळ होती आणि टीव्हीसमोर १ कोटीहून जास्त लोक बसले होते. त्यातल्या बहुतेकांनी त्या दिवसापर्यंत महिलांचा एकही अख्खा सामना पाहिला नसेल. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना एक नाव पाठ झालं होतं.

त्या एका उडीमागे काय होतं, आणि त्या उडीनंतर काय झालं, हे मला जास्त सांगावंसं वाटतं. कारण गोल सगळे बघतात. गुडघ्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

बोट्सवानात जन्म, नावात आशा

नियाचा जन्म १८ जानेवारी १९८० चा, आणि तोही जर्मनीतला नाही. आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशात, राजधानी गॅबोरोनच्या जवळ, मोचुडी नावाचं गाव आहे. तिचे आईवडील तिथे विकासकामासाठी गेलेले होते. मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिचं मधलं नाव तिथल्या सेत्स्वाना भाषेतलं ठेवलं : त्सोलोफेलो. अर्थ, आशा. आपल्याकडच्या कितीतरी आशांना हे वाचून गंमत वाटेल.

कुटुंब जर्मनीला परतलं ते हेसन राज्यातल्या वेट्झलर या गावी. लान नदीकाठचं हे जुनं गाव, लायका कॅमेऱ्यांसाठी जगभर ओळखलं जाणारं. तिथे अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या नावाने चालणारं एक बालग्राम आहे. ज्या मुलांना स्वतःच्या घरी राहता येत नाही, ती तिथे एखाद्या जोडप्याबरोबर कुटुंबासारखी वाढतात. नियाचे आईवडील असंच एक घर चालवत. म्हणजे निया वाढली ती सख्ख्या नात्यापेक्षा मोठ्या घरात. जेवणाच्या टेबलावर वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या कारणांनी आलेली मुलं. कोणाला काय सोसावं लागलंय हे न सांगताही कळावं, असं ते वातावरण.

पुढे तिने शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि खेळ सोडल्यावर निर्वासितांशी संबंधित सरकारी काम पत्करलं. त्याची मुळं या टेबलापाशीच असावीत असं मला वाटतं.

ज्या देशात महिलांच्या फुटबॉलवर बंदी होती

नियाच्या गोलची किंमत समजायची तर थोडं मागे जावं लागतं. जर्मनी म्हणजे फुटबॉलचं माहेरघर, असं आपण समजतो. ते पुरुषांपुरतं खरं. ३० जुलै १९५५ रोजी जर्मन फुटबॉल महासंघाने आपल्या क्लबांना महिलांचे संघ ठेवायला बंदी घातली. महिलांना मैदान द्यायचं नाही, त्यांच्या सामन्याला पंच पाठवायचा नाही. कारण काय, तर हा झुंजीचा खेळ स्त्रीच्या स्वभावाला आणि शरीराला शोभत नाही!

आणि हे कधी? तर आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, पुरुषांच्या संघाने विश्वचषक जिंकला होता आणि अख्खा देश फुटबॉलने झपाटलेला होता. मुलीही झपाटल्या, इतकंच.

बंदी असली तरी बायका खेळतच राहिल्या. नगरपालिकेची मैदानं मिळव, कुठे खासगी आयोजक शोध, असं करत सामने झाले. १९५६ मध्ये एसेन शहरात जर्मनी आणि नेदरलँड्सच्या महिलांचा अनधिकृत सामना झाला तो हजारो प्रेक्षकांसमोर. महासंघाने ही बंदी उठवली ती थेट ३१ ऑक्टोबर १९७० ला, आणि तेही अटी घालून. सामना फक्त ३० मिनिटांच्या दोन डावांचा, चेंडू हलका, बुटांना खिळे नकोत, आणि थंडीचे सहा महिने खेळ बंद. जणू बाई म्हणजे काचेचं भांडं.

भांड्यांवरून आठवलं. १९८९ मध्ये जर्मनीच्या महिला पहिल्यांदा युरोपच्या विजेत्या झाल्या. ओस्नाब्रुक शहरात २२ हजार प्रेक्षकांसमोर त्यांनी नॉर्वेला ४-१ ने हरवलं. महासंघाने प्रत्येक खेळाडूला बक्षीस म्हणून काय दिलं असेल? चिनीमातीचा टी-सेट. फुलापानांची नक्षी असलेला. आज जर्मनीत त्या टी-सेटचे विनोद होतात, पण तेव्हा तो देणाऱ्यांना आपण काही गमतीदार करतोय असं वाटलं नव्हतं, हे जास्त बोलकं आहे.

निया तेव्हा नऊ वर्षांची होती.

फ्रँकफर्टचे दिवस

सतराव्या वर्षी, १९९७ मध्ये, दोन गोष्टी झाल्या. नियाला जर्मनीच्या राष्ट्रीय संघात पहिला सामना मिळाला, आणि ती फ्रँकफर्टच्या प्राउनहाइम भागातल्या क्लबमध्ये दाखल झाली. पुढच्याच वर्षी या क्लबच्या महिला विभागातून नवा, फक्त महिलांचा क्लब उभा राहिला : एफएफसी फ्रँकफर्ट. निया तिथे २००८ पर्यंत खेळली.

या क्लबचा तो सुवर्णकाळ होता. त्या दहा-अकरा वर्षांत क्लबने सात वेळा राष्ट्रीय लीग आणि सात वेळा जर्मन चषक जिंकला. २००२ मध्ये युरोपातल्या क्लबांसाठी महिलांची पहिली स्पर्धा झाली, तीही फ्रँकफर्टनेच जिंकली. अंतिम सामन्यात स्वीडनच्या उमेओ संघाला २-० ने हरवून. २००६ आणि २००८ मध्ये पुन्हा. २००८ च्या अंतिम लढतीच्या दुसऱ्या सामन्याला फ्रँकफर्टच्या मोठ्या स्टेडियमवर २७ हजारांहून जास्त लोक आले होते. युरोपातल्या क्लबांच्या या महिला स्पर्धेत एवढी गर्दी तोवर कोणी पाहिली नव्हती.

संघात नावंही तशीच. पुढच्या फळीत बिर्गिट प्रिन्झ, मधल्या फळीत रेनाटे लिंगोर, मागे स्टेफी जोन्स. स्टेफी ही फ्रँकफर्टमध्येच जन्मलेली, वडील अमेरिकन सैनिक, आई जर्मन. तीही बचावपटू. देशासाठी १११ सामने खेळली, आणि पुढे राष्ट्रीय संघाची प्रशिक्षकही झाली. एकाच क्लबमध्ये इतक्या चांगल्या खेळाडू असल्या की सरावालाच सामन्याची धार येते. प्रिन्झला रोज अडवायचं म्हणजे जगातल्या सगळ्यात अवघड परीक्षेची रोज उजळणी.

पण या मुली पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू होत्या असं समजू नका. बहुतेकींचं शिक्षण किंवा नोकरी सुरू असे. दिवसा वर्ग किंवा काम, संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारी सामना. नियाचंही तेच. आणि तिच्या बाबतीत या वेळापत्रकात आणखी एक रकाना होता : फिजिओथेरपी.

चार वेळा

गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट एकमेकांना फुलीसारखी छेदून जातात. त्यातलं पुढचं, डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना धरून ठेवतं. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये हे त्याचं काम. धावताना अचानक दिशा बदलली, उडी मारून एका पायावर वाकडं उतरलं, की ते तुटू शकतं. गंमत म्हणजे, खरं तर गंमत कसली, बऱ्याचदा समोरच्या खेळाडूचा धक्काही लागलेला नसतो. बुटाचे खिळे गवतात रुततात, शरीर वळतं, गुडघा वळत नाही. काही खेळाडूंना ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. ज्यांनी तो एकदा ऐकलाय त्या पुन्हा विसरत नाहीत.

उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. शरीरातल्याच दुसऱ्या स्नायूबंधाचा तुकडा काढून तिथे नवं लिगामेंट बसवतात. मग कुबड्या, मग चालणं, मग सायकल, मग हलकं धावणं. मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष. आणि परतल्यावर पहिल्या टॅकलच्या वेळी मनात येणारी भीती कुठल्याच एक्स-रेमध्ये दिसत नाही.

निया क्युन्त्सरला हे कारकिर्दीत चार वेळा सोसावं लागलं. चार वेळा लिगामेंट तुटलं, चार वेळा ती पुन्हा पहिल्या पायरीवर गेली. एका खेळाडूच्या उमेदीच्या दहा वर्षांतून प्रत्येक वेळी जवळजवळ एक वर्ष वजा करा. जर्मनीसाठी ती एकूण ३४ सामने खेळली. तिच्याबरोबरच्या प्रिन्झने २०० चा टप्पा ओलांडला. दोघींतला फरक गुणवत्तेचाही होता, हे मान्य करू, पण मोठा भाग गुडघ्याचा होता.

ही दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आढळते. कारणं बरीच सांगितली जातात. मुलींच्या कमरेची आणि गुडघ्याची ठेवण, मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंमधलं असंतुलन, उडीनंतर जमिनीवर उतरण्याची पद्धत, हार्मोन. पण काही कारणं शरीराबाहेरची आहेत, आणि मला तीच जास्त खटकतात. वर्षानुवर्षं मुलींना पुरुषांच्या पायाच्या मापाने बनवलेले बूट मिळाले, दुय्यम मैदानं मिळाली, वजनांचा व्यायाम उशिरा सुरू झाला, क्लबमध्ये पूर्णवेळ फिजिओ नसायचा.

आपल्या घरातली मुलगी फुटबॉल, हँडबॉल किंवा बास्केटबॉल खेळत असेल तर एक उपयोगी गोष्ट सांगते. फिफाने तज्ज्ञांकडून ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्मअप तयार करून घेतला आहे. साधारण वीस मिनिटांचा. धावणं, तोल सांभाळणं, उड्या मारून गुडघे आत न वळवता उतरणं, मांडीमागचे स्नायू बळकट करणं. साहित्य काही लागत नाही. नियमित केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे. प्रशिक्षकांना विचारा, ते करून घेतात का. ‘मैदानाला दोन फेऱ्या मारा’ एवढ्यावर भागत नाही.

२००३ चा तो महिना

तो विश्वचषक खरं तर चीनमध्ये व्हायचा होता. सार्सची साथ आली आणि मे महिन्यात स्पर्धा अमेरिकेकडे गेली. अमेरिकेने १९९९ चा विश्वचषक घरच्या मैदानावर जिंकला होता, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की यंदाही त्याच. त्यात स्पर्धेच्या काही दिवस आधी अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग पैशांअभावी बंद पडली. जर्मनीची मारेन माइनर्ट त्या लीगमध्ये बॉस्टनकडून खेळत होती. राष्ट्रीय संघातून ती निवृत्त झालेली, पण या विश्वचषकासाठी परत आली होती.

जर्मनीने सुरुवातच धडाक्यात केली. कॅनडाला ४-१, जपानला ३-०, अर्जेंटिनाला ६-१, उपांत्यपूर्व फेरीत रशियाला ७-१. या सगळ्यात एक फटका जोराचा बसला. अर्जेंटिनाविरुद्ध स्टेफी जोन्सचं गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. तीच दुखापत. स्टेफीची स्पर्धा तिथेच संपली.

उपांत्य फेरीत पोर्टलंडला अमेरिका समोर. केर्स्टिन गारेफ्रेकेसने लवकर गोल केला आणि मग तासाभराहून जास्त वेळ जर्मनीचा बचाव अमेरिकेचे हल्ले परतवत राहिला. गोलरक्षक झिल्के रोटनबर्गने त्या दिवशी जे केलं त्यावर वेगळा लेख होईल. अगदी शेवटच्या मिनिटांत, अमेरिकेचे सगळे खेळाडू पुढे गेलेले असताना, माइनर्ट आणि प्रिन्झने आणखी दोन गोल मारले. ३-०. यजमान बाहेर.

अंतिम सामन्यात स्वीडनच्या हाना युंगबरीने ४१ व्या मिनिटाला आघाडी घेतली. मध्यंतर झालं, आणि परत येऊन मिनिटभर होतंय तोच माइनर्टने बरोबरी केली. त्यानंतर दोन्हीकडून संधी आल्या नि गेल्या. मग ते ८८ वं मिनिट, ती बदली आणि ९८ वं मिनिट, जे आपण वर पाहिलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कॉर्नर किंवा फ्री किकच्या वेळी बचावपटू पुढे का जातात? कारण हेडर हे त्यांचं रोजचं काम असतं. आपल्या गोलसमोर उंच आलेला चेंडू समोरच्या आघाडीपटूच्या आधी गाठून डोक्याने बाहेर काढायचा, हे त्या प्रत्येक सामन्यात वीस-वीस वेळा करतात. चेंडू कुठे पडेल याचा अंदाज, उडीची वेळ, खांद्याला खांदा लागला तरी न हलणं. समोरच्या गोलसमोर जाऊन तेच करायचं, फक्त दिशा उलटी. नियाचा तो गोल म्हणून मला नशिबाचा वाटत नाही. दहा वर्षं चेंडू बाहेर काढणाऱ्या मुलीने एकदा तो आत घातला.

मात्र उडी मारल्यावर खालीही यावं लागतं, आणि तिच्या गुडघ्यांचा इतिहास पाहता ती उडी तिने किती निर्धास्तपणे मारली याचं नवल वाटतं.

एकच गोल्डन गोल

संघ परतला तेव्हा फ्रँकफर्टच्या जुन्या नगरभवनाच्या सज्जातून खेळाडूंनी चषक दाखवला आणि खाली चौकात हजारो लोक जमले होते. जर्मनीत १९७१ पासून टीव्हीचे प्रेक्षक दर महिन्याचा सर्वोत्तम गोल निवडतात, आणि वर्षाअखेरीस वर्षाचा. ‘महिन्याचा गोल’ हा मान एका स्त्रीला पहिल्यांदा १९७४ मध्ये मिळाला होता, बेर्बेल वोलेबेनला. पण ‘वर्षाचा गोल’ कधीच कोणा स्त्रीचा नव्हता. २००३ मध्ये तो नियाच्या हेडरला मिळाला. पुरुषांच्या बुंडेसलीगामधले सगळे गोल स्पर्धेत असताना.

आणखी एक विक्रम आहे, जो आता मोडताच येणार नाही. गोल्डन गोलचा नियम लागू असताना पुरुषांचे दोन विश्वचषक झाले, १९९८ आणि २००२ चे. दोन्हींचे अंतिम सामने नव्वद मिनिटांतच निकाली लागले. १९९९ चा महिलांचा अंतिम सामना पेनल्टीवर गेला. आणि २००४ मध्ये नियमकर्त्यांनी हा नियमच काढून टाकला, कारण एका क्षणात सगळं संपवणारी ती पद्धत फार निर्दयी वाटू लागली होती. म्हणजे पुरुष आणि महिला मिळून, गोल्डन गोलने ठरलेला जगाच्या इतिहासातला एकमेव विश्वचषक अंतिम सामना तोच, आणि तो गोल एका बदली बचावपटूचा.

(स्वीडनच्या मुलींचं दुःखही समजून घ्यायला हवं. दोनच वर्षं आधी, २००१ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीने त्यांना गोल्डन गोलनेच हरवलं होतं. मिनिट? तेही ९८ वंच.)

यात नियाच्या दृष्टीने एक विचित्र गोष्ट आहे. बचावपटूचं यश दिसत नाही. तिने अडवलेला पास, तिने बंद केलेली वाट, न झालेला गोल, यांचे हायलाइट्स बनत नाहीत. २००७ मध्ये जर्मनीने चीनमध्ये पुन्हा विश्वचषक जिंकला तेव्हा सहा सामन्यांत २१ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. एकही! अंतिम सामन्यात गोलरक्षक नाडीन आंगेररने ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टीही अडवली. पण त्या बचावफळीतल्या आनिके क्रान, आरियाने हिंग्स्ट, केर्स्टिन श्टेगेमान ही नावं आज कितीजणांना आठवतात? नियाचं नाव आठवतं, कारण तिने तिचं नसलेलं काम एकदा केलं. त्या २००७ च्या संघात ती नव्हती.

२००८ मध्ये, २८ व्या वर्षी, तिने खेळ थांबवला.

बुटांनंतर

शिक्षणशास्त्राच्या पदवीचा उपयोग तिने खरोखर केला. हेसन राज्याच्या सरकारी सेवेत गीसन इथल्या प्रशासनात तिने काम केलं, आणि तिथे तिचा संबंध आला तो निर्वासित लोकांच्या प्रश्नांशी. विश्वविजेती खेळाडू सकाळी कार्यालयात फायली बघतेय आणि मोठ्या स्पर्धा आल्या की टीव्हीच्या स्टुडिओत बसून सामन्यांचं विश्लेषण करतेय, असं दुहेरी आयुष्य ती बरीच वर्षं जगली. जर्मनीच्या सार्वजनिक वाहिनीवर महिलांच्या सामन्यांची तज्ज्ञ म्हणून एक अख्खी पिढी तिला ओळखते. यातल्या कित्येकांनी तिला खेळताना पाहिलेलंच नाही.

मग २०२३ चा विश्वचषक आला, आणि जर्मनीची पार दैना झाली. कोलंबियाकडून हार, दक्षिण कोरियाशी बरोबरी, आणि इतिहासात पहिल्यांदाच संघ गटसाखळीतच बाहेर. प्रशिक्षक गेल्या, प्रश्न उरले. महासंघाने महिला फुटबॉलसाठी क्रीडा संचालक नेमायचं ठरवलं आणि १ जानेवारी २०२४ पासून ती जबाबदारी निया क्युन्त्सरकडे आली. जो महासंघ कधीकाळी बायकांना मैदान द्यायला तयार नव्हता, त्याच्या महिला विभागाचा खेळ आता तिच्या टेबलावर.

सुरुवातीलाच परीक्षा होती. पॅरिस ऑलिंपिकमध्ये जागा मिळवायला फेब्रुवारीत नेदरलँड्सला त्यांच्याच घरी हरवणं भाग होतं. २-० ने हरवलं. ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकासाठी स्पेनशी, म्हणजे जगज्जेत्यांशी, गाठ पडली. जुलिया ग्विनने पेनल्टीवर गोल केला, आणि अगदी शेवटी स्पेनला मिळालेली पेनल्टी गोलरक्षक आन-कात्रिन बर्गरने अडवली. १-०. बर्गर दोनदा कर्करोगातून उठलेली आहे, आणि ग्विन ही बचावपटू, जिच्या गुडघ्याचं लिगामेंट २०२० आणि २०२२ असं दोनदा तुटलं होतं. या संघाची संचालक कोण असावी याबद्दल कोणाला शंका असेल तर त्याने एवढं वाचावं. ग्विन पुढे कर्णधार झाली, आणि २०२५ च्या युरोपीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात पोलंडविरुद्ध एक चेंडू गोलच्या तोंडातून वाचवताना तिचा गुडघा पुन्हा दुखावला. या वेळी आतलं नव्हे, बाजूचं लिगामेंट. पण स्पर्धा संपली ती संपलीच.

(जाता जाता : जर्मनीच्या पुढच्या पिढीतल्या मुली आपल्याकडेही खेळून गेल्या आहेत. २०२२ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकात त्यांचे गटातले सामने गोव्यात झाले. मडगावच्या फातोर्डा मैदानावर उपांत्य फेरीत स्पेनने त्यांना अगदी शेवटच्या क्षणी १-० ने हरवलं.)

बासेलची रात्र

ग्विन नसलेल्या त्या संघाने १९ जुलै २०२५ ला बासेलमध्ये फ्रान्सविरुद्ध जे केलं ते बचाव म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने जरूर पाहावं. १३ व्या मिनिटालाच अनुभवी बचावपटू काथरिन हेन्ड्रिचने फ्रान्सच्या खेळाडूची वेणी ओढली. लाल कार्ड आणि पेनल्टी, दोन्ही. चूक तिचीच, यात वाद नाही. फ्रान्स १-० पुढे, जर्मनीच्या दहाजणी, आणि खेळायला अजून सव्वा तास बाकी. झ्योके न्युस्केनने कॉर्नरवरून हेडर मारून बरोबरी केली. मग दुसऱ्या डावात तिचीच पेनल्टी फ्रान्सच्या गोलरक्षकाने अडवली.

अतिरिक्त वेळ धरून शंभराहून जास्त मिनिटं दहाजणी अकराजणींसमोर उभ्या राहिल्या. पायात गोळे आले, तरी रेषा मोडली नाही. जानिना मिंगेच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्याच गोलकडे वळला तेव्हा बर्गरने मागे झेपावत तो एका हाताने रेषेवरून बाहेर फेकला. शेवटी पेनल्टी शूटआउट. बर्गरने दोन अडवल्या, एक स्वतः मारली, आणि जर्मनी ६-५ ने जिंकली.

चार दिवसांनी झुरिचला उपांत्य सामना, पुन्हा स्पेन. नव्वद मिनिटं गोल नाही. अतिरिक्त वेळेत ११३ व्या मिनिटाला ऐताना बोनमातीने बर्गरला जवळच्या खांबापाशी चकवलं. आता गोल्डन गोल नाही, त्यामुळे सामना तिथे थांबला नाही. जर्मनीच्या मुलींकडे आणखी सात मिनिटं होती. चेंडू उचलून त्या मध्यरेषेकडे पळत गेल्या आणि उंच मुलींना पुढे पाठवून शेवटपर्यंत चेंडू स्पेनच्या गोलसमोर टाकत राहिल्या. सात मिनिटं पुरली नाहीत.